आरंभशूर होऊ नका

(क्रीडा सप्ताहानिमित्त पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रीडा सप्ताहात मैदान मोकळे असताना सभागृहात बसून भाषण ऐकणे ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने शिक्षाच असते, याची मला कल्पना आहे. म्हणून आज मी मैदानाबाहेरचा विषय घेतलेला नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत दम कसा वापरावा, एवढ्याच एका गोष्टीवर मी बोलणार आहे. विषय लहान वाटला तरी तो समजून न घेतल्यामुळे चांगली तयारी असलेली मुलेही मागे पडतात. आपल्यापैकी काही जण एक-दोन वर्षांत पोलीस किंवा सैन्य भरतीच्या मैदानात उतरणार आहेत. तिथे काही सेकंदांवर नोकरी अवलंबून असते. तेव्हा हा केवळ खेळाचा विषय आहे असे कोणी समजू नये.

कोणत्याही शाळेच्या १५०० मीटर शर्यतीत एक देखावा हमखास दिसतो. शिटी वाजते आणि पंधरा-वीस मुले १०० मीटरची शर्यत असल्यासारखी सुटतात. पहिल्या वळणावर धूळ उडते, टाळ्या पडतात, पुढे असलेल्या मुलाचे नाव घेऊन मित्र ओरडतात. दुसऱ्या फेरीत त्याचा तोरा उतरतो. तिसऱ्या फेरीत त्याचा हात कमरेवर येतो, बरगडीखाली कळ येते, मान मागे पडते. सुरुवातीला ज्याच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते असा एखादा किरकोळ अंगाचा मुलगा त्याला मागे टाकून निघून जातो. शर्यत सोडून बाहेर बसलेल्या मुलाला विचारले तर तो म्हणतो, "सर, दम संपला." दम संपला हे खरे, पण तो कुठे संपला? तो पहिल्या दोनशे मीटरमध्येच उधळला गेला. आपल्या मराठीत अशा माणसासाठी एक नेमका शब्द आहे, आरंभशूर.

ससा आणि कासवाची गोष्ट आपण सर्वांनी पहिलीत ऐकली आहे. "सावकाश चालणारा जिंकतो" असे तात्पर्य त्यातून काढले जाते. पण जरा विचार करा. कासव जिंकले ते ससा झोपला म्हणून. मैदानावर तुमचा प्रतिस्पर्धी झाडाखाली झोपणार नाही. त्यामुळे नुसते हळू धावून कोणी जिंकत नाही. आपल्या अंगात जेवढी ताकद आहे ती संपूर्ण अंतरावर अशी वाटून खर्च करायची, की मध्येच खडखडाट होऊ नये आणि शेवटी शिल्लकही पडू नये. पगार महिन्याच्या एक तारखेला हातात येतो आणि तो तीस तारखेपर्यंत पुरवायचा असतो. घर चालवणाऱ्या प्रत्येक आईला हे शास्त्र ठाऊक असते. धावपटूलाही तेच शिकायचे आहे.

आता शरीराच्या आत काय घडते ते थोडक्यात पाहू. धावण्यासाठी स्नायूंना ऊर्जा लागते. ती दोन मार्गांनी मिळते. एका मार्गाला ऑक्सिजन लागतो. हा मार्ग सावकाश चालतो, पण किफायतशीर असतो. दुसऱ्या मार्गाला ऑक्सिजनची वाट पाहावी लागत नाही. तो झटपट चालतो, पण फार खर्चिक. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजनच्या मदतीने सुमारे ३० एकके ऊर्जा मिळते, तर ऑक्सिजनशिवाय त्याच रेणूपासून फक्त २. शिवाय या दुसऱ्या मार्गाने काम करताना स्नायूंमधील आम्लता वाढत जाते, पाय भरून येतात, जड होतात.

यात सर्वांत फसवी गोष्ट अशी की, शर्यत सुरू झाल्याबरोबर हृदय आणि फुफ्फुसे पूर्ण जोरात कामाला लागत नाहीत. त्यांना लय सापडायला एक-दोन मिनिटे लागतात. तोवर शरीर उसनवारीवर चालते. हातपाय ताजे असतात, मन उत्साहाने भरलेले असते, धाप लागलेली नसते. धावणाऱ्याला वाटते, आज आपल्या अंगात काही वेगळीच ताकद आली आहे. ती ताकद नसते, ते कर्ज असते. सावकार पहिल्या फेरीत दारात येत नाही. तो तिसऱ्या फेरीत येतो आणि मग मुद्दल सोडतही नाही, मुदत देतही नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, पहिल्या दोनशे मीटरमध्ये "हा वेग फार सोपा वाटतो" असे वाटले, तर तोच वेग बहुधा योग्य आहे असे समजा. तिथेच वेग जोराचा वाटू लागला, तर तो तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

हे आपण आकड्यांत मांडू, म्हणजे मनात पक्के बसेल. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० मीटर म्हणजे चार फेऱ्या. समजा, एका मुलाची तयारी ५ मिनिटे २० सेकंदांची आहे. म्हणजे ३२० सेकंद. चारने भागले तर एका फेरीला ८० सेकंद येतात. आपल्या शाळांच्या मैदानांवर २०० मीटरची फेरी आखलेली असेल, तर आठ फेऱ्या आणि प्रत्येकीला ४० सेकंद.

आता हाच मुलगा उत्साहाच्या भरात पहिली फेरी ६८ सेकंदांत मारतो असे धरा. त्याला वाटते, आपण १२ सेकंद कमावले. दुसरी फेरी ८० सेकंदांत होते. तिसरीला पाय जड होतात आणि ९० सेकंद लागतात. चौथीला ९२. बेरीज करा. ३३० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे ३० सेकंद. पहिल्या फेरीत कमावलेले १२ सेकंद तर गेलेच, वर पदरचे १० गेले. याउलट ज्याने ७९, ८१, ८२ आणि ७८ अशा फेऱ्या मारल्या, तो बरोबर ३२० सेकंदांत पोहोचला. दोघांची ताकद तीच, आहार तोच, सराव तोच. फरक हिशेबाचा आहे. भरतीच्या मैदानावर दहा सेकंदांनी गुण खाली येऊ शकतात आणि गुणांनी यादीतील नाव खाली जाते.

मुलींनी हाच हिशेब ८०० मीटरसाठी करावा. ज्या मुलीची तयारी ३ मिनिटे १० सेकंदांची आहे, तिने पहिली फेरी ९४ आणि दुसरी ९६ सेकंदांत काढावी. ८०० मीटरचे अंतर कमी असल्याने पहिली फेरी किंचित जलद झाली तरी चालते. पण किंचित, म्हणजे दोन सेकंद. बारा नव्हेत.

केवळ शाळकरी मुलेच अशी फसतात असे नाही. जगातील श्रेष्ठ धावपटूंनाही या हिशेबाने सोडलेले नाही. जिम पीटर्स हा इंग्लंडचा मॅरेथॉनपटू. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. जून १९५२ मध्ये त्याने २ तास २० मिनिटे ४२ सेकंद अशी त्या वेळची जगातील सर्वोत्तम वेळ दिली होती. त्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो आघाडीवर राहूनच धावू लागला. त्याच्यासोबत होता चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. झाटोपेकने त्याच स्पर्धेत ५,००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदके जिंकली होती, पण मॅरेथॉन तो आयुष्यात प्रथमच धावत होता. हा वेग बरोबर आहे का, असे त्याने वाटेत पीटर्सला विचारल्याची हकिकत क्रीडाजगतात फार प्रसिद्ध आहे. पीटर्सने सुरुवातीला ठेवलेला वेग त्याला स्वतःलाच पेलला नाही. पायात गोळे येऊन त्याला शर्यत सोडावी लागली. नवखा झाटोपेक २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत पहिला आला.

पीटर्सची दुसरी कहाणी याहून हृदयद्रावक आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे राष्ट्रकुल स्पर्धांची मॅरेथॉन झाली. त्या दिवशी ऊन कडक होते. पीटर्सने उन्हाची पर्वा न करता आपला नेहमीचा जोर लावला. तो स्टेडियममध्ये शिरला तेव्हा त्याच्या मागे असलेला धावपटू तब्बल सुमारे १७ मिनिटांच्या अंतरावर होता. म्हणजे पीटर्स चालत गेला असता तरी सुवर्णपदक त्याचेच होते. पण त्याचे शरीर संपले होते. तो पडला, उठला, पुन्हा पडला. स्टेडियममधील हजारो माणसे श्वास रोखून पाहत होती. सुमारे २०० मीटर जाण्यासाठी त्याला ११ मिनिटे लागली आणि तरीही अंतिम रेषा त्याला गाठता आली नाही. त्याला उचलून दवाखान्यात न्यावे लागले. स्कॉटलंडचा जो मॅकगी मागून आला आणि २ तास ३९ मिनिटे ३६ सेकंदांत विजयी झाला. पीटर्सच्या नेहमीच्या वेळेपेक्षा ही वेळ कितीतरी सावकाश होती. पीटर्स पुन्हा कधीही शर्यतीत उतरला नाही. पालकहो, १७ मिनिटांची आघाडी असणाऱ्याला आणखी घाई कशासाठी हवी होती? आपण किती पुढे आहोत हे त्याला वाटेत कोणी सांगितले असते, तर कदाचित इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

आता उलट उदाहरण पाहा. १९७२ चे म्युनिक ऑलिंपिक, ८०० मीटरची अंतिम शर्यत. अमेरिकेचा डेव्ह वॉटल हा तरुण डोक्यावर पांढरी टोपी घालून धावत असे. शर्यत सुरू झाली आणि वॉटल सर्वांत शेवटी. पहिल्या फेरीत तो इतका मागे होता की प्रेक्षकांना वाटावे, याला काही दुखापत झाली असावी. दुसऱ्या फेरीत तो एकेकाला मागे टाकत आला आणि अगदी रेषेवर त्याने सोव्हिएत संघाच्या अर्झानोव्हला ०.०३ सेकंदाने हरवले. पाहणारे म्हणाले, काय त्याचा शेवटचा वेग! पण त्याच्या प्रत्येक २०० मीटरची वेळ पाहिली तर ती सुमारे २६.४, २६.९, २६.४ आणि २६.२ सेकंद अशी होती. म्हणजे वॉटलने शेवटी वेग फारसा वाढवलाच नव्हता. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच वेगाने धावला. बाकीचे आधी फार जोरात गेले आणि मग मंदावले. आपल्याला मागून कोणीतरी झपाट्याने ओलांडून जाते तेव्हा पुष्कळदा तो जलद झालेला नसतो, आपण मंद झालेलो असतो.

हीच रीत पुढच्या काळातील मोठ्या विक्रमांतही दिसते. २०२० मध्ये मोनॅको येथे युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने ५,००० मीटर १२ मिनिटे ३५.३६ सेकंदांत धावून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. त्याचा पहिला किलोमीटर २ मिनिटे ३२ सेकंदांच्या किंचित आत होता आणि शेवटचा २ मिनिटे ३० सेकंदांच्या किंचित आत. पाच किलोमीटरमध्ये दोन-अडीच सेकंदांचाच फरक. २०२३ मध्ये शिकागोच्या मॅरेथॉनमध्ये केनियाच्या केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंद ही विक्रमी वेळ दिली, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांत झाला होता. दमलेल्या पायांनी दुसरा भाग अधिक जलद! ही किमया दुसऱ्या भागात झाली नाही. ती पहिल्या भागात ठेवलेल्या संयमाने झाली.

येथे एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, "सर, मग आम्ही नेहमी मागेच राहायचे का?" नाही. आपल्या वेगाने धावायचे, मग तो तुम्हाला पुढे नेवो की मागे ठेवो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच घेतली गेली. अमेरिकेची जोन बेनॉइट सुमारे पाच किलोमीटर झाल्यावरच सर्वांना सोडून एकटी पुढे निघाली. ग्रेटा वाइट्झसारख्या नामांकित धावपटू मागे थांबल्या. ही बाई दमेल आणि परत येईल, असा हिशेब मागे असणाऱ्या कोणी केला असेल, तर तो चुकला. बेनॉइट दमली नाही, कारण तो वेग तिच्या तयारीतला होता. २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत ती एकटीच स्टेडियममध्ये आली आणि जिंकली. पीटर्स पुढे गेला तो आवाक्याबाहेर, बेनॉइट पुढे गेली ती आवाक्यात राहून. म्हणून "अंथरूण पाहून पाय पसरावे" या म्हणीचा अर्थ पाय आखडून घ्यावेत असा नाही. आधी अंथरूण मोजावे, असा आहे. मोजल्यावर ते लांब निघाले तर खुशाल पाय पसरावेत.

याच संदर्भात आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. दुष्काळी भागातला शेतकऱ्याचा मुलगा, पुढे सैन्यात गेला आणि ३,००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीत त्याने नाव काढले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. जून २०२२ मध्ये रबात येथे त्याने ८ मिनिटे १२.४८ सेकंद अशी वेळ दिली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत झाली. ती फार संथ सुरू झाली. मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीने ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत ती जिंकली आणि साबळे ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत ११वा आला. म्हणजे विजेत्याची वेळदेखील साबळेच्या रबातमधील वेळेपेक्षा सावकाश होती! पण शर्यत संथ असली की शेवटच्या फेरीचा झपाटा निर्णायक ठरतो आणि तिथे एल बक्कालीसारखा खेळाडू भारी पडतो.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक फक्त ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने कोणाची वाट पाहिली नाही. सुरुवातीपासून पुढे राहून, आपला स्वतःचा वेग ठेवून, ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. यातून शिकायचे ते हे की, आपले बळ कशात आहे ते ओळखावे. ज्याला शेवटी झपाटा मारता येतो त्याने घोळक्यात राहावे. ज्याचा दमसास मोठा पण शेवटचा झपाटा बेताचा, त्याने शर्यत संथ होऊ देऊ नये. भरतीत तर पदक नसते, वेळच असते. तिथे दुसऱ्याकडे पाहण्याचे कारणच नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, घड्याळाशी मैत्री करा. फिनलंडचा पावो नुर्मी, ज्याने १९२० ते १९२८ या काळातील ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदके मिळवली, तो हातात स्टॉपवॉच घेऊन धावत असे. प्रतिस्पर्ध्यापेक्षा तो घड्याळावर विश्वास ठेवी. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी साधे डिजिटल घड्याळ किंवा मोबाईल आहे. फक्कीने आखलेल्या २०० मीटरच्या फेरीवर मित्राला उभे करा आणि प्रत्येक फेरीला त्याने सेकंद मोठ्याने सांगावेत. काही दिवसांनी एक खेळ करा. घड्याळ न पाहता एक फेरी धावा आणि किती सेकंद लागले ते आधी स्वतः सांगा. अंदाज आणि घड्याळ यांत एक सेकंदाचा फरक राहू लागला, की वेग तुमच्या पायात बसला असे समजा.

दुसरी गोष्ट, सरावात रोज शर्यत लावू नका. बरीच मुले रोज पहाटे जीव खाऊन धावतात आणि पंधरा दिवसांत नडगी दुखते म्हणून बंद करतात. आठवड्यातील बहुतेक दिवस अशा वेगाने धावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. एक-दोन दिवस वेगाचा सराव करा. ४०० मीटर ठरलेल्या वेळेत, मग दोन-तीन मिनिटे चालणे, पुन्हा ४०० मीटर. पाचवी फेरी पहिलीइतक्याच वेळेत झाली तर सराव चांगला झाला. पहिली फार जलद आणि पाचवी फार मंद, तर तुम्ही सरावातसुद्धा आरंभशूरच राहिलात.

तिसरी गोष्ट, वळणावर बाहेरून धावू नका. पहिल्या पट्ट्याऐवजी दुसऱ्या पट्ट्यातून पूर्ण फेरी मारली तर सुमारे ७ मीटर जास्त अंतर पडते. ओलांडायचे तर सरळ भागात ओलांडा. समोरून वारा असेल तर कोणाच्या तरी पाठीमागे राहा, त्यात श्रम वाचतात. चढ आला तर वेग कमी होऊ द्या, पण श्रम तेवढेच ठेवा. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय दमल्यानंतर येतो. सुरुवातीला शिल्लक न ठेवणाऱ्यांची खरी परीक्षा तिथेच होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पालकांनीही ऐकावी. ऊन आणि दमट हवा यांच्याशी हट्ट करू नये. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटरच्या धावेत कोसळून काही उमेदवारांचे प्राण गेले. पुढे ते अंतर कमी करण्यात आले. ती घरातली कमावती होऊ पाहणारी मुले होती. उन्हात शरीराला धावण्याबरोबरच स्वतःला थंड ठेवण्याचेही काम असते, म्हणून नेहमीचा वेग त्या दिवशी झेपत नाही. सराव पहाटे करा, पाणी पीत राहा, उपाशीपोटी किंवा जागरणानंतर जोराची धाव घेऊ नका. रमजानमध्ये रोजा असताना वेगाचा सराव करू नका. इफ्तारनंतर काही वेळाने हलके धावणे पुरेसे आहे. छातीत दुखले, चक्कर आली, अंगावर काटा येऊन थंडी वाजू लागली, तर त्या क्षणी थांबा. ते भित्रेपण नव्हे. भरती पुन्हा निघते. भरतीला जाण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पाचवी गोष्ट, दम राखायचा तो खर्च करण्यासाठी. काही मुले इतकी जपून धावतात की शर्यत संपल्यावर हसत-खेळत गप्पा मारतात. तो उरलेला दम घरी नेऊन काय करणार? शेवटच्या ३०० मीटरमध्ये हिशेबाची वही मिटवा आणि जे आहे ते सर्व लावा.

पालकहो, आता दोन शब्द आपल्यासाठी. मैदानाच्या कडेला उभे राहून आपण "पळ, पळ, तो पुढे गेला" असे ओरडतो. आपला हेतू चांगला असतो, पण त्या ओरडण्याने मुलगा स्वतःचा वेग सोडून शेजाऱ्याचा वेग धरतो. ओरडायचेच असेल तर त्याच्या फेरीचे सेकंद सांगा. पहिल्या फेरीत "बरोबर चालले आहे" म्हणा आणि टाळ्या तिसऱ्या फेरीसाठी ठेवा. १६०० मीटरमध्ये तिसरी फेरी सर्वांत अवघड. पहिलीत उत्साह असतो, दुसरीत लय असते, चौथीत रेषा दिसत असते. तिसरीत यांपैकी काहीच नसते. वेळ तिथेच घसरतो आणि प्रेक्षकांचे लक्षही तेव्हाच दुसरीकडे असते.

शिक्षणाचेही असेच आहे, हे मी शिक्षक म्हणून रोज पाहतो. मुलाला पहिलीत घालताना नवे दप्तर, नवे बूट, घरात आनंद. दहावीला सर्वांचे लक्ष, क्लास, नवस, पेढे. पण सातवी, आठवी, नववी ही तिसरी फेरी आहे. गणित तिथे जड होते, मुलगा हळूच मागच्या बाकावर सरकतो, मुलीवर घरकाम वाढते, कोणीतरी गॅरेजमध्ये किंवा दुकानात हाताखाली उभा राहतो. शाळा सुटते ती एका दिवसात नाही, या फेरीत सुटते, आणि तेव्हा कडेला टाळ्या वाजवायला कोणी नसते. दुसरीकडे काही पालक पाचवीपासूनच मुलाला सकाळ-संध्याकाळ क्लासला जुंपतात. तो नववीपर्यंत पुस्तकाला इतका कंटाळतो की ऐन दहावीत त्याचे पाय भरून येतात. पहिल्याला कोणी हाक मारली नाही, दुसऱ्याला कोणी "जरा सावकाश" म्हटले नाही. दोघांचेही नुकसान मधल्याच फेरीत झाले.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. ज्यांची मुले आज सातवी, आठवी, नववीत आहेत त्यांनी या वर्षी निकालाच्या दिवसाची वाट न पाहता एकदा शाळेत येऊन वर्गशिक्षकांना भेटावे. मुलाची फेरी किती सेकंदांची चालली आहे, हे विचारावे. मुलगी शिकत असेल तर बारावीच्या पुढचा पल्ला आजच तिच्यासमोर मांडावा, म्हणजे दहावीच अंतिम रेषा आहे असे तिला वाटणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, परवा मैदानावर १५०० मीटरची शर्यत आहे. शिटी वाजल्यावर कोणी बाणासारखा सुटला तर सुटू द्या. तुमची फेरी तुम्ही मोजा. तिसऱ्या फेरीत मन म्हणेल, बस झाले. त्याला सांगा, तुझ्यासाठीच पहिल्या फेरीत शिल्लक ठेवले आहे.